गव्हाचे पीठ आणि दूध : पोषणमूल्यांच्या तुलनेचा इतिहास (१८९६ ते २०१३)

सारांश

गव्हाचे पीठ आणि दूध यांपैकी अधिक पौष्टिक काय, हा प्रश्न विसाव्या शतकात आहारशास्त्राने अनेकदा विचारला आणि प्रत्येक वेळी त्याचे वेगळे उत्तर मिळाले. ही उत्तरे का बदलत गेली, तुलनेची परिमाणे कोणती होती आणि त्या उत्तरांचा गरीब माणसाच्या ताटावर काय परिणाम झाला, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी व भारत या देशांत झालेल्या प्रयोगांचा आणि महाराष्ट्राशी निगडित धोरणांचा आधार घेतला आहे.

प्रस्तावना

दूध-पोळी कुस्करून लहान मुलाला भरविणे, गव्हाची खीर करणे, आजाऱ्याला दुधातली लापशी देणे या रीती भारतीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. घरात हे दोन्ही पदार्थ एकाच वाटीत नांदतात. आहारशास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांना दीर्घकाळ परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे करण्यात आले. मर्यादित पैशात जनतेला धान्य पुरवावे की दूध, हा राज्यकर्त्यांपुढील व्यावहारिक प्रश्न या स्पर्धेच्या मुळाशी होता.

तुलनेतील अडचण आकड्यांवरूनच स्पष्ट होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे अनेक दशके प्रमाण मानल्या गेलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कणकेत ३४१ उष्मांक, १२.१ ग्रॅम प्रथिने आणि ४८ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तर १०० ग्रॅम गाईच्या दुधात ६७ उष्मांक, ३.२ ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. या हिशेबाने प्रथिनांच्या बाबतीत कणीक दुधाच्या जवळजवळ चौपट ठरते. परंतु दुधात ८७.५ टक्के पाणी असते. म्हणून वजनाऐवजी उष्मांकांचा आधार घेतला, तर दर १०० उष्मांकांमागे कणकेतून सुमारे ३.५ ग्रॅम आणि दुधातून सुमारे ४.८ ग्रॅम प्रथिने मिळतात. कॅल्शियमचे प्रमाण तर अनुक्रमे १४ व सुमारे १८० मिलिग्रॅम असे पडते. उलट लोहाच्या बाबतीत दूध अत्यंत दरिद्री आहे. तात्पर्य, कोणत्या मापाने मोजायचे हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. हे माप कोणी, केव्हा व कशासाठी ठरविले, हा इतिहासाचा विषय होय.

उष्मांकांचे युग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्नाचे मूल्य त्यातील ऊर्जेवरून आणि प्रथिनांच्या एकूण प्रमाणावरून ठरविले जात असे. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी १८९६ मध्ये खाद्यपदार्थांच्या रासायनिक घटकांची विस्तृत कोष्टके प्रसिद्ध केली. कामगाराने आपल्या मजुरीत जास्तीत जास्त ऊर्जा कशी मिळवावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. या दृष्टीने पाहता पीठ निर्विवादपणे श्रेष्ठ ठरत होते. १,००० उष्मांक मिळविण्यास कणीक पाव किलोहून थोडी अधिक पुरते. तेवढ्यासाठी गाईचे दूध सुमारे दीड लिटर लागते. प्रथिन म्हणजे प्रथिन, मग ते गव्हाचे असो की दुधाचे, असे तेव्हा गृहीत धरले जात होते.

विस्कॉन्सिनच्या कालवडी

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का १९०७ ते १९११ या काळात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बसला. स्टीफन बॅबकॉक यांना चाऱ्याच्या रासायनिक पृथक्करणाबद्दल शंका होती. त्यांच्या कल्पनेवरून ई. बी. हार्ट, एल्मर मॅकॉलम, हॅरी स्टीनबॉक प्रभृतींनी १६ कालवडींचे चार गट केले. एका गटास केवळ मक्याच्या झाडापासून, दुसऱ्यास केवळ गव्हापासून, तिसऱ्यास केवळ ओटपासून आणि चौथ्यास तिन्हींच्या मिश्रणापासून तयार केलेला आहार दिला. रासायनिक पृथक्करणानुसार चारही आहार समतुल्य होते. कालवडींची प्रकृती मात्र समतुल्य राहिली नाही. मक्यावरील कालवडी तुकतुकीत राहिल्या व त्यांना सशक्त वासरे झाली. गव्हावरील कालवडी खंगल्या, त्यांची दृष्टी अधू झाली आणि त्यांची वासरे अपुऱ्या दिवसांची, मृत किंवा मरणोन्मुख जन्मली.

हा प्रयोग गव्हाच्या पिठाचा नव्हता, तर गव्हाचा दाणा, काड व ग्लुटेन यांच्या मिश्रणाचा होता आणि तो गुरांवरील होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि कोष्टकात न दिसणारे काहीतरी अन्नात असते, ही गोष्ट त्याने सिद्ध केली. ते काय, याचे उत्तर शोधण्यासाठी मॅकॉलम उंदरांकडे वळले. १९१३ मध्ये त्यांनी व मार्गरेट डेव्हिस यांनी लोण्याच्या स्निग्धांशात वाढीस आवश्यक असा एक घटक असल्याचे दाखविले. डुकराच्या चरबीत वा ऑलिव्हच्या तेलात तो नव्हता. यालाच पुढे 'अ' जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

थेंबभर दूध आणि गव्हाचे प्रथिन

त्याच सुमारास केंब्रिज येथे फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी १९१२ मध्ये आपला प्रसिद्ध प्रयोग प्रकाशित केला. शुद्ध केसीन, पिष्ट, साखर, चरबी व क्षार यांवर ठेवलेल्या पिल्लांची वाढ थांबली. त्याच आहारात दिवसाला दोन-तीन घनसेंटीमीटर दूध घालताच ती वाढू लागली. एवढ्याशा दुधातील उष्मांक नगण्य होते. या कार्यासाठी हॉपकिन्स यांना १९२९ मध्ये आयक्मन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत टॉमस ऑसबोर्न व लाफायेट मेंडेल यांनी तुलनेचा दुसरा पैलू उघड केला. गव्हातील ग्लायडिन हे एकच प्रथिन उंदरांना दिले असता ते जगत. परंतु वाढत नसत. त्यात लायसिन हे ॲमिनो आम्ल घालताच वाढ पुन्हा सुरू होई. गव्हाच्या एकूण प्रथिनात लायसिनचे प्रमाण दुधाच्या प्रथिनातील प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी असते, हे पुढे निश्चित झाले. प्रथिन म्हणजे प्रथिन हे समीकरण येथे कोसळले. यानंतर मॅकॉलम यांनी दूध व पालेभाज्या यांना 'संरक्षक अन्न' अशी संज्ञा दिली. ही संज्ञा शास्त्रीय होती तशीच प्रभावी प्रचाराचीही होती. दुग्धव्यवसायाने ती तत्परतेने उचलली.

मुलांवरील प्रयोग आणि त्यांतील उणिवा

उंदरांपासून मुलांपर्यंतचा प्रवास ब्रिटनमध्ये घडला. १९२६ मध्ये हॅरोल्ड कोरी मान यांनी लंडनजवळील मुलांच्या एका वसतिगृहातील निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेथील नेहमीच्या आहारावर मुलांचे वजन वर्षात सरासरी ३.८५ पौंडांनी व उंची १.८४ इंचांनी वाढली होती. त्याच आहाराबरोबर रोज एक पिंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून किंचित अधिक, दूध मिळालेल्या मुलांची वाढ ६.९८ पौंड व २.६३ इंच इतकी भरली. जॉन बॉइड ऑर यांच्या स्कॉटलंडमधील पाहणीत साय काढलेल्या दुधानेही वाढ सुधारल्याचे आढळले. म्हणजेच दुधाचा सारा गुण लोण्यात नसतो.

१९३० मध्ये लॅनर्कशायर परगण्यात सुमारे २०,००० शाळकरी मुलांवर चार महिने प्रयोग झाला. निम्म्या मुलांना रोज पाऊण पिंट दूध दिले आणि निम्म्यांना दिले नाही. निष्कर्ष दुधाच्या बाजूने निघाला. परंतु १९३१ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी त्यातील गंभीर दोष दाखवून दिला. गट पाडताना शिक्षकांना फेरबदलाची मुभा होती आणि त्यांनी सहृदयतेने हडकुळ्या मुलांना दुधाच्या गटात घातले असावे; त्यामुळे दूध न मिळालेली मुले सुरुवातीलाच अधिक उंच व वजनदार होती. शिवाय वजने कपड्यांसह आणि एकदा हिवाळ्यात, एकदा उन्हाळ्यात घेतली होती. गरीब मुलांचे हिवाळी कपडे मुळातच हलके असल्याने हिशेब बिघडला. यापेक्षा एकरूप जुळ्यांच्या ५० जोड्यांवरील प्रयोग स्वस्त व विश्वसनीय ठरला असता, असे त्यांचे प्रतिपादन होते. तथापि १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये शाळांतून सवलतीचे दूध सुरू झाले. त्यामागे पोषणाइतकीच शिलकी दुधाला गिऱ्हाईक मिळवून देण्याची निकडही होती.

कुन्नूरची प्रयोगशाळा

भारतात या तुलनेला निराळे वळण मिळाले. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी भारतातील निरनिराळ्या समाजांचे आहार उंदरांना देऊन पाहिले. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली व मद्रासी असा वाढीचा उतरता क्रम त्यांनी नोंदविला. शीख आहारावरील उंदरांचे सरासरी वजन सुमारे २३५ ग्रॅम, मराठा आहारावरील २२५ ग्रॅम, तर मद्रासी आहारावरील १५५ ग्रॅम भरले. शीख आहारात ताज्या दळलेल्या अख्ख्या गव्हाच्या रोट्या, दूध, दही, लोणी, डाळी, भाज्या व आठवड्यातून एकदा मांस यांचा समावेश होता. दुसऱ्या एका प्रयोगात याच आहाराची तुलना पांढरा पाव, मार्गारिन, नावापुरते दूध घातलेला गोड चहा, उकडलेल्या भाज्या व डबाबंद मांस या गरीब ब्रिटिश आहाराशी केली. त्या आहारावरील उंदरांची वाढ खुंटली आणि ते एकमेकांवर तुटून पडू लागले.

या प्रयोगांचे वाचन मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने केले. ब्रिटनमधील अख्ख्या पिठाच्या पुरस्कर्त्यांनी त्यात कणकेचा विजय पाहिला. दुधाच्या पुरस्कर्त्यांनी दुधाचा. वस्तुतः गहू व दूध दोन्ही एकाच ताटात असल्यामुळे श्रेय कोणाचे, हे या प्रयोगातून ठरविणे शक्यच नव्हते. त्याहून चिंतेची बाब अशी की, मार्शल म्हणजे लढाऊ जमातींविषयीच्या वसाहतवादी कल्पनेला त्यातून शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले. पंजाबचा शेतकरी दूध पितो म्हणून सुदृढ, असे म्हणताना त्याच्याकडे जमीन व म्हैस असते आणि मद्रासच्या शेतमजुराकडे ती नसते, ही बाब मागे पडली.

मॅकॅरिसन यांच्यानंतर १९३५ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या वॉलेस आयक्रॉइड यांनी हा प्रश्न जमिनीवर आणला. १९३७ मध्ये त्यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. साय काढलेल्या दुधाची भुकटी दक्षिणेतील शाळकरी मुलांना दिली असता त्यांची वाढ सुधारते, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. भाताला दुधाची अल्प जोड पुरते, पण दूध भाताची जागा घेऊ शकत नाही, असा या कार्याचा आशय होता.

युद्धोत्तर जर्मनी : पिठाची फेरतपासणी

दुधाचे श्रेष्ठत्व जवळजवळ सर्वमान्य झाले असताना त्याला अनपेक्षित दिशेने प्रश्न विचारला गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४२ मध्ये ८५ टक्के उताऱ्याचे, म्हणजे १०० किलो गव्हातून ८५ किलो काढलेले, पीठ सक्तीचे केले. रॉबर्ट मॅकन्स व एल्सी विडोसन यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, कोंड्यातील फायटिक आम्लामुळे कॅल्शियमचे शोषण घटते. म्हणून पिठात खडूची पूड मिसळण्यात आली. दुधातून न मिळणारे कॅल्शियम पिठातूनच देण्याचा हा मार्ग होता.

युद्धानंतर या दोघांनी उपासमारीने खंगलेल्या जर्मन अनाथ मुलांना सुमारे वर्षभर पोटभर पाव दिला. अख्ख्या गव्हाचा, ८५ टक्के व ७० टक्के उताऱ्याचा, तसेच जीवनसत्त्वे व लोह घातलेला पांढरा असे पावाचे प्रकार होते. एकूण उष्मांकांपैकी सुमारे ७५ टक्के पावातून येत. दूध व मांस अत्यल्प होते. कॅल्शियम व काही जीवनसत्त्वे वेगळी पुरविली जात. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सर्वांनाच चकित करणारा होता. सर्व गटांतील मुले सारखीच आणि झपाट्याने वाढली. पोटभर गहू व सोबत भाज्या असतील, तर जवळजवळ दुधावाचूनही शाळकरी मुले भरून निघू शकतात, असा त्याचा अर्थ होता.

विडोसन यांनी १९५१ मध्ये जर्मनीतीलच आणखी एक निरीक्षण नोंदविले होते. एका अनाथालयात जादा पाव, मुरंबा व संत्र्याचा रस देऊनही मुलांची वाढ मंदावली. कारण तेथे बदलून आलेली कठोर संचालिका मुलांना नेमकी जेवणाच्या वेळी रागावत असे. अन्नाचे मूल्य ते कोणत्या परिस्थितीत खाल्ले जाते यावरही अवलंबून असते, ही बाब कोणत्याही कोष्टकात मावणारी नव्हती.

प्रथिनांची दरी आणि भारतीय वाद

१९५० नंतर आंतरराष्ट्रीय संस्थांनी जगातील कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या कमतरतेत पाहिले. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील क्वाशिओरकोर या बालरोगाचे वर्णन केले होते आणि त्यावर दुधाचा उपचार लागू पडत होता. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा दिला. गव्हालाच दुधासारखे करण्याचे प्रयत्न सुरू झाले. भारतात १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मॉडर्न बेकरीजच्या पावात जीवनसत्त्वे व खनिजांबरोबर लायसिनही घालण्यात आले. परंतु हा पाव शहरात विकला जात होता आणि कुपोषित मूल प्रामुख्याने खेड्यात होते.

या विचारसरणीला भारतातूनच समर्थ उत्तर मिळाले. सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये दाखविले की, क्वाशिओरकोर व सुकटी झालेल्या मुलांच्या आहारात मूलतः फरक नसतो. दोघांनाही अन्नच कमी पडते. सातारा जिल्ह्यात जन्मलेले व फाओच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९७० मध्ये भारतीय आहारांच्या विश्लेषणावरून प्रतिपादन केले की, ज्यांना उष्मांक पुरेसे मिळतात त्यांना धान्य-डाळींच्या आहारातूनही प्रथिने सहसा पुरतात. अर्धपोटी माणसाला दिलेले महागडे प्रथिन शरीर सरपणासारखे जाळते. १९७१ मध्ये पुण्यातील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यरेषेसाठी २,२५० उष्मांकांचे माप घेतले, ते याच पार्श्वभूमीवर. पुढे सुखात्मे आणि दांडेकर यांच्यात उष्मांकांच्या मापावरूनच तीव्र मतभेद झाले. तथापि प्रश्न दुधाचा नसून पोटाचा आहे, यावर दोघांच्या लेखनाचा भर राहिला. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी प्रथिनांच्या या सर्व मोहिमेची संभावना 'प्रचंड फसगत' अशा आशयाच्या शब्दांत केली.

मुंबईचे दूध आणि रेशनचा गहू

महाराष्ट्रात या वादाचे व्यावहारिक रूप पाहावयास मिळते. ज्वारी-बाजरीच्या या प्रदेशात बहुसंख्य कष्टकऱ्यांना गव्हाची पोळी सणावारी मिळत असे. १९५६ च्या करारानंतर पी.एल. ४८० खालील अमेरिकन गहू रेशनच्या दुकानांत आला आणि पोळी रोजच्या ताटात स्थिरावू लागली. दुसरीकडे १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. मुंबईचे दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी व साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून 'टोन्ड' दूध प्रचारात आणले. त्यात स्निग्धांश ३ टक्के, पण प्रथिने व कॅल्शियम जवळजवळ पूर्वीइतकेच राही आणि किंमत उतरे. पोषणमूल्य व परवडणारी किंमत यांची सांगड घालणारा हा प्रयोग तत्कालीन प्रयत्नांत विशेष उल्लेखनीय होय.

१९७० ते १९९६ या काळातील दुग्धमहापूर योजनेने उत्पादनात क्रांती केली. परंतु दूध बाजाराच्या मार्गाने आणि गहू शासनाच्या मार्गाने लोकांपर्यंत पोहोचत राहिला. १९९५ च्या शालेय पोषण आहार योजनेची सुरुवात धान्याने झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. दुधाचा मात्र त्यात समावेश नाही. दूध विकून त्याच पैशात धान्य घेणाऱ्या भूमिहीन पशुपालकाच्या घरात शास्त्रज्ञांची तुलना रोजच घडते आणि तिचा निकाल बाजारभाव लावतो.

समारोप

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पोषणमूल्याची तुलना ही परिमाणसापेक्ष असते. खर्चाच्या व ऊर्जेच्या मापाने पीठ, तर प्रथिनांची गुणवत्ता, कॅल्शियम व 'अ' जीवनसत्त्व यांच्या मापाने दूध श्रेष्ठ ठरते. लोहाच्या मापाने दूध पुन्हा मागे पडते.

२) परस्परविरोधी भासणारे प्रयोग वस्तुतः भिन्न परिस्थितींतील होते. आहार ऊर्जेत पुरेसा पण एकांगी असेल, तेथे थोडे दूध मोठा फरक घडविते. पोटच अर्धे असेल, तेथे आधी धान्य हवे. केनियातील शाळांत १९९८ ते २००० या काळात झालेल्या चाचणीतही दुधाचा लाभ मुख्यतः लहान व वाढ खुंटलेल्या मुलांच्या उंचीत दिसला.

३) जर्मन प्रयोगाचा निष्कर्ष शाळकरी मुलांपुरता आहे. दोन वर्षांखालील मुलाच्या पोटात पातळ पेजेचा मोठा घोट मावत नाही. त्याच्यासाठी केवळ धान्य पुरेसे मानणे घातक ठरेल.

४) गव्हातील लायसिनची उणीव दूध भरून काढते आणि दुधातील लोहाची व ऊर्जेची उणीव गहू भरून काढतो. म्हणून हे दोन पदार्थ पर्यायी नसून परस्परपूरक आहेत.

शंभर वर्षांच्या संशोधनानंतर शास्त्र ज्या ठिकाणी पोहोचले, तेथे दूध-पोळीची वाटी आधीपासूनच होती. त्या वाटीतील पोळीची हमी कायद्याने दिली आहे. दुधाची हमी देणे बाकी आहे. पोषणमूल्यांच्या तुलनेचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजन हे अपुरे काम ध्यानात आणून देणे हेच होय.